नवरंगाची शीळ

“यंदा नवरंग आलाच नाही,” म्हणत देवानंद सागाच्या बुंध्याशी मटकन बसला. बोथ्याच्या जंगलात तो आणि अन्नपूर्णा पहाटेपासून हिंडत होते.

बायकोचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून ती या पाखराचं नाव ऐकत आली होती. देवानंद खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात राबायचा आणि आषाढ लागला की सुटीच्या दिवशी उंद्रीच्या घरून एकटाच जंगल गाठायचा. नवरंग जमिनीवर पाचोळा उकरत फिरतो, सहजी दिसत नाही. आधी त्याची शीळ कानांनी धरायची, मग डोळ्यांनी शोधायचं, असं तो कौतुकानं सांगायचा. यंदा मात्र दर खेपेला हात हलवत परतला. तेव्हा तीच म्हणाली होती, “मलेबी न्या. माह्या पायगुणानं दिसन.”

आता ती मागे वळून पाहू लागली. “पन हे कोन शिट्टी मारून राह्यलं हो कवाचं? गुराखी हाये का?”

“कोठी?”

“आता! पुन्हा मारली ना. पहाटपासून चालूच हाये.”

देवानंद तिच्याकडे बघतच राहिला. टीव्ही मोठ्यानं लावता म्हणून ती रोज करायची ती कटकट त्याला आठवली.

“कोनत्या बाजूनं?” त्यानं हळूच विचारलं.

तिनं बोट दाखवलं. करवंदीच्या जाळीमागे, आडव्या फांदीवर तो बसला होता. पिवळसर छाती, डोळ्यावरून काळा पट्टा, पंखावर निळाई, आखूड शेपटीखाली लाल. मान मागे टाकून चोच उघडत होता. गळा थरथरत होता. देवानंदला अन्नपूर्णाचं बोलणं ऐकू येत होतं, ती बारीक शीळ मात्र नाही.

“हाच,” तो म्हणाला. “पाखरू आलं व, अन्नपूर्णा. माह्ये कान गेले.”

ती त्याच्या शेजारी ओल्या पाचोळ्यात बसली.

“तू करून दाखव बरं. कशी वाजून राह्यली?”

“बाईमानसानं शिट्टी माराव का?”

“इथं कोन पाहून राह्यलं?”

तिनं पदरानं ओठ पुसले, चंबू केला. आधी नुसतीच हवा गेली. तिनं पुन्हा फुंकलं आणि स्वतःच दचकली.

“जमली का?” तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“हाव,” देवानंद म्हणाला, “अशीच.”

तिला हुरूप आला. ती पुन्हा शीळ घालू लागली, आणि तो तिच्या ओठांकडे बघत मान डोलावत राहिला.