पोटाखालचं माप

मित्रांनो, कपडे शिवणाऱ्या एखाद्या मास्तरांच्या गळ्यात तुम्ही मला पाहिलं असेल. मी माणसांची मापं घेणारी एक जुनी टेप आहे. माझ्या कडा विरल्या असल्या तरी आकडे शाबूत आहेत. आणि तरीही मी गोंधळलेली आहे.

कारखान्यात आकडे छापले तेव्हा माझं काम सोपं वाटलं होतं. जिथे गुंडाळतील तिथलं खरं सांगायचं, बस्स. मास्तर कौतुकाने म्हणायचे, "ही कधी फसवत नाही."

मास्तरांचे दाजी, म्हणजे त्यांच्या ताईंचे यजमान, शाळेची बस चालवायचे. आपल्या गणवेशासाठी दरवर्षी ताईंना घेऊन दुकानात यायचे. ते पँट पोटाखाली घालत, म्हणून मास्तर मला पोटाखालूनच फिरवत. आकडा तोच, छत्तीस!

"बघ गं," दाजी ताईंना सांगत, "लग्नातली कंबर आहे. उगाच माझ्या ताटावर डोळा ठेवतेस."

"कंबर तीच हो, पण पोट तुमच्याआधी दारातून आत येतं, त्याचं काय?"

सगळे हसत. शर्टाच्या वेळी मात्र पोटावरचा आकडा दरवर्षी वाढलेला असे. "शर्ट जरा ढगळच बरा," म्हणून मास्तर तिकडे लक्ष देत नसत. एकाच माणसाचे दोन आकडे! यातला खरा कोणता, मला काही कळेना.

एके दुपारी दाजी दुकानाच्या पायऱ्या चढले आणि छाती धरून खालीच बसले. अंग घामाने डबडबलं. मास्तर त्यांना घेऊन तसेच दवाखान्यात धावले. मी गळ्यातच राहिले.

धोका टळल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "कंबर किती?"

"छत्तीस! विचारा माझ्या मेव्हण्याला."

बाईंनी मला मास्तरांच्या गळ्यातून काढून दाजींच्या बेंबीवरून गुंडाळलं. चव्वेचाळीस.

"अहो, तिथे मी पँट घालत नाही!"

"पण चरबी तिथेच साठते. तिच्यामुळे रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. हृदय बिचारं ओझं ओढत राहतं. बस पुन्हा चालवायची आहे ना? मग गोड-तळकट कमी करा. आणि थोडं बरं वाटलं की मी सांगेन तसं रोज चाला."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मापं तर मीच घेत होतो, दाजी."

"तू पँटचं माप घेत होतास रे. माझं कुणी घेतलंच नाही."

आता संध्याकाळी ताई आणि दाजी चालायला जातात. पोटावरचा आकडा कधी उतरतो, कधी हट्टाने अडून बसतो. बस अजून दुसराच कुणी चालवतो.

दोन्ही आकडे खरे होते, मग एकानेच घात कसा केला? मी अजून विचारच करते आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी टेप असेल. पोट सुटलेल्या माणसाला हसू नका. बेंबीपाशी माप घ्या, आकडा त्याला प्रेमाने दाखवा, आणि चपला घालून त्याच्याबरोबर तुम्हीही फिरायला निघा.