रद्दीत सरकवलेलं चित्र

आमच्या पनवेलच्या शाळेत चित्रकलेच्या वसुंधराबाईंचा एक नियम होता. वर्षभरातली उत्तम चित्रं नमुना म्हणून कपाटात राहायची, पुढच्या मुलांना दाखवायला. उरलेली रद्दीत, ज्याची त्याने घरी न्यावीत. "चांगलं चित्र शाळेचं, वाईट आईचं," बाई हसून म्हणायच्या, पण नियम कुणासाठी मोडायच्या नाहीत.

१९८९ साली, नववीत असताना, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली आणि मी हवेत तरंगू लागले. स्थिरचित्र, निसर्गचित्र, स्मरणचित्र असे गठ्ठे लावायचे, मध्ये कडुलिंबाचा पाला घालायचा, दोन पुठ्ठ्यांत दाबून परकराच्या नाडीने बांधायचे. माझ्याशिवाय शाळेत पान हलत नाही, असंच मला वाटायचं. तो पाल्याचा कडवट वास अजून आवडतो.

दिवाळीआधी सहामाहीची आवराआवर निघाली, तेव्हा चिंधी माझ्याकडे आली. सुकापूरपलीकडच्या कातकरवाडीतली, माझ्याच वर्गातली, अबोल मुलगी. सुट्टीत तिच्या घरचे वीटभट्टीवर कामाला निघणार होते आणि तीही. तिने आपल्या घराचं चित्र काढलं होतं, दारात शेळी बांधलेली.

"माजं चित्र दे ना. भट्टीवर झोपडीत लावीन."

"बाईंना विचार."

"इचारलं. नाय म्हनल्या."

दुसऱ्या दिवशी गठ्ठे लावताना बाईंची पाठ वळली आणि मला एकदम सुचलं. चिंधीचं चित्र मी नमुन्यांतून काढून रद्दीत सरकवलं. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

मधल्या सुट्टीत मुलं रद्दी चाळायला आली. मी चिंधीला खुणेने बोलावलं. तिने वरचे दोन कागद उचलले आणि थांबली. आता हसेल, म्हणून मी वाट बघत होते.

"ह्ये रद्दीतलं हाय?"

बाई शेजारीच दुसऱ्या मुलांशी बोलत उभ्या होत्या. खरं सांगितलं तर किल्ली जाणार. मी नुसती होकाराची मान डोलावली.

"मना वाटलं चांगलं हाय," ती म्हणाली. चित्र होतं तिथेच ठेवून ती निघून गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही.

चित्र मी गुपचूप परत नमुन्यांत ठेवलं. माझी दहावी होईपर्यंत बाई ते प्रत्येक वर्गाला दाखवत होत्या. "घर काढावं तर असं," म्हणायच्या. चिंधीला हे कुणी सांगितलंच नाही, आणि सांगायचं होतं ते मीच.