पंधरा मार्चची कविता

पंधरा मार्चला, हंगेरीच्या क्रांतिदिनाला, शाखेच्या हॉलमध्ये कविता म्हणायची ती बोरामावशीनंच. इतक्या वर्षांत दुसरं नाव कुणी सुचवलंही नव्हतं. पोलादाच्या कारखान्यात राबायला ओहायोत आलेल्या हंगेरियन माणसांनी आजारपणात एकमेकांना धरून राहावं, मेल्यावर खांदा द्यावा, म्हणून काढलेलं हे मंडळ, आणि त्याची ही गावातली शाखा. मावशीचा नवरा मिहाय भट्टीपाशी भाजून गेला, तेव्हा शाखेची झाडून सगळी माणसं छातीवरची मंडळाची तिरंगी फीत उलटी करून, काळी बाजू वर लावून, दफनभूमीपर्यंत चालत गेली होती. पोरबाळ नव्हतं. त्यानंतर मावशीला तो हॉल म्हणजेच घर. जेवणावळी असल्या की कोबीच्या पानांत खिमा-भात भरायचा, नाटक असलं की पडदे शिवायचे, आणि वर्षातून एकदा ठेवणीतला काळा झगा घालून, हंगेरीत गावच्या शाळेत घोकलेली ती लांबलचक कविता घडाघडा म्हणायची. म्हातारे डोळे पुसायचे. इथं जन्मलेल्या पोरांना निम्मं कळत नसे, पण तीही गप्प बसत.

एकोणीसशे सत्तावन्नच्या जानेवारीत शाखेचे अध्यक्ष कालमान विन्त्से तिच्या दारात आले. बुडापेस्टचं बंड रशियन रणगाड्यांनी चिरडलं होतं आणि सरहद्द ओलांडून पळालेली माणसं अमेरिकेत पोचत होती.

"बोरा, एक पोरगी आहे. शिकलेली आहे, एकटीच आलीये. तुझी वरची खोली रिकामीच असते की."

"रिकामी कशी? मिहायचे कपडे हायेत तितं." मावशीनं जिन्याकडे पाहिलं. "आना तिला. कपडे काय, पेटीत बी ऱ्हातील."

पोरीचं नाव एमोके. पहिले काही दिवस ती खिडकीशी बसून राही. मावशी ताट घेऊन तिच्या मागं मागं फिरे.

"खा की गं. हाडं मोजावीत अशी झालीयास. रस्सा तिकट झाला व्हय?"

"नाही मावशी, छान झालाय."

"मग चमचा का अडखळतोय?"

हळूहळू पोरगी बोलती झाली. कधी कधी ती मावशीचा शब्द दुरुस्त करी. मावशीचे काही शब्द तिच्या आजीच्या काळातले, तर काही चक्क इंग्रजी, त्यांना मागून हंगेरियन शेपूट लावलेलं. "असं आता तिकडे कुणी म्हणत नाही," एमोके सांगायची. त्यात टोमणा नसे. मावशी "बरं बाई" म्हणायची आणि पुढच्या वाक्याला पुन्हा आपलाच शब्द वापरायची. तिला त्याचं काही वाटत नसे. चार बुकं शिकलेली शहरी पोर, बोलायचीच.

पंधरा मार्चला हॉल खच्चून भरला. पळून आलेल्या मंडळींना मानानं पहिल्या रांगेत बसवलं होतं, त्यांत एमोकेही होती. मावशी मंचावर चढली, हात छातीवर ठेवला आणि सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यात एक शब्द तिनं नेहमीसारखा लांबवला, त्यांच्या गावाकडे हेल काढून लांबवतात तसा. पहिल्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं.

एमोके होती. तिनं तोंडावर हात दाबला, पण खांदे गदगदा हलत होते. हसू आवरेना. शेजारच्या दोन तरुणांनाही ते लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "लाज नाही का वाटत?"

मावशी थांबली. पुढची ओळ डोक्यातून गेली. विन्त्सेंनी बाजूनं ओळ सांगितली, ती तिला ऐकू आली नाही. छातीवरचा हात तिनं खाली घेतला, पायऱ्या उतरली आणि स्वयंपाकघराच्या दारानं, कोटसुद्धा न घेता, घरी चालू लागली.

पाठोपाठ एमोके तिचा कोट घेऊन आली. मावशी चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"मावशी, मला मारा."

"मारू कशापायी? मला एक सांग. इतकं हसन्यासारखं व्हतं?"

"हो," एमोके म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. "आमची आजी तुमच्याच बाजूची. माझा धाकटा भाऊ लोरांद तिची नक्कल करायचा. असाच हात छातीवर ठेवून, असाच हेल काढून, हीच कविता. आम्ही हसून लोळायचो. आई रागावायची आणि स्वतःच हसायची. नोव्हेंबरात तो पाव आणायला गेला आणि कोपऱ्यावर त्याला गोळी लागली. तेव्हापासून तो मला आठवतो तो फुटपाथवर पडलेलाच. आज तुम्ही तो शब्द लांबवलात आणि लोरांद समोर आला, मावशी. नक्कल करताना, डोळे मिचकावत. मला थांबताच येईना."

मावशीनं वळून तिला पोटाशी धरलं. दोघी पुष्कळ रडल्या. मावशीच्या मनात तिच्याविषयी काडीचाही राग उरला नाही.

पण त्या दिवसापासून बोलताना तिला स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. तोंडातून शब्द निघायच्या आधी ती तो चाचपून बघे. "असंच म्हणतात ना गं?" एमोकेला विचारी. शाखेत शेवया वळायला बसलेल्या बाया चिडवायच्या, "काय बोरा, बुडापेस्टची झालीस व्हय?" ती हसण्यावारी नेई आणि गप्प होई. उन्हाळ्यात एमोकेला क्लीव्हलंडला नोकरी लागली. ती गेल्यावर घरात विचारायलाही कुणी उरलं नाही.

नोव्हेंबरात, भावाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, एमोके बसनं आली. येताना मेणबत्ती आणली होती.

"मावशी, ती कविता म्हणा ना आज. मार्चमध्ये हॉलमध्ये म्हटली होतीत तशीच."

मावशीनं एप्रन सोडला, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली, हात छातीवर ठेवला. एमोके डोळे मिटून बसली. एकेक ओळ नीट आली, धुतल्यासारखी स्वच्छ. तो शब्द आला आणि इतर शब्दांसारखाच निघून गेला.

"तशी नव्हे मावशी. तुमच्यासारखी."

"माझ्यासारखीच म्हणतेय की."

पुन्हा सुरुवात केली. या खेपेला तिनं मुद्दाम हेल काढला. तो तिचा तिलाच कळला. शहरातलं माणूस खेडवळाची टर उडवताना काढतं, तसला हेल होता तो. अर्ध्यातच ती थांबली.

"नाही येत गं," ती म्हणाली.

एमोकेनं डोळे उघडले. तिनं मेणबत्ती पेटवली. जेवताना दोघी कारखान्याविषयी, बसच्या वेळांविषयी बोलत राहिल्या. निघताना एमोकेनं मावशीचे हात बराच वेळ हातात धरून ठेवले.

फेब्रुवारीत विन्त्से नेहमीसारखे कार्यक्रमाचं विचारायला आले. पळून आलेल्यांत एक मास्तर होते, त्यांचा आवाज चांगला आहे असं ते बोलता बोलता म्हणाले.

"त्यांनाच सांगा अध्यक्ष," मावशी म्हणाली. "मी आता थकले."

एरवी तिनं कशालाही नकार दिला तर विन्त्से दारात अडून बसत, कॉफी प्यायल्याशिवाय आणि होकार घेतल्याशिवाय हलत नसत. आज ते "बरं, बरं" म्हणाले आणि टोपी घालून पायऱ्या उतरले. दार लावून घेतल्यावरही मावशी त्यांच्या पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत कडीवर हात ठेवून उभी होती.