मागावरचं घड्याळ

रुपरावांचं घड्याळ मनगटावर कमी आणि मागावर जास्त राहिलं. रुपराव म्हणजे माझे मालक. तेव्हा आमचं घर तांडापेठेत होतं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा हातमाग होता आणि त्याच्या वरच्या दांडीला एक खिळा ठोकलेला होता. सकाळी खड्ड्यात पाय सोडायच्या आधी ते घड्याळ त्या खिळ्याला अडकवत. दिवसभर उजव्या हाताने दोरी ओढून धोटा फेकायचा, तर त्या हातात घड्याळ कसं ठेवणार? आणि डाव्या हातात घड्याळ बांधलं तर खळ लागेल, पट्टा सडेल, असं ते म्हणायचे. एवढ्या हौसेने घेतलेली वस्तू. तिचा जीव वाचवायचा म्हणून ती खिळ्याला.

घड्याळ बिनचावीचं होतं. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की याला चावी द्यावी लागत नाही, हे आपोआप चालतं. आम्ही तेवढंच लक्षात ठेवलं. फणीचा ठोका बसला की सगळा माग हालायचा आणि ते घड्याळ पाळण्यातल्या लेकरासारखं झुलायचं. मी बाजूला रहाटावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचे. माझा हात गरागरा फिरतो आहे, त्यांचा धोटा इकडून तिकडे पळतो आहे आणि वर घड्याळ झुलतं आहे. आमच्या संसाराचं चित्र काढायला कोणी सांगितलं तर मी एवढंच काढीन.

मग हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. मोहल्ल्यातले माग एकेक करून बंद झाले, तसा आमचाही झाला. खड्डा बुजवला, वर फरशी घातली. रुपराव लकडगंजला लाकूड कापायच्या एका आरामशिनीवर चौकीदारीला लागले. घड्याळ त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं. पुढे चार-आठ दिवसांनी काढून पाहिलं तर ते बंद.

"माग गेला, त्याच्यासंगं हेबी गेलं," ते म्हणाले.

दुरुस्तीला नेऊ म्हटलं तर नको म्हणाले. मेलेल्या माणसाले कोणी डाक्टरकडे नेते का, म्हणाले. कधीमधी मी डबा उघडून घड्याळ हातात घ्यायचे, तेव्हा त्याचा बारका काटा थोडा चालायचा आणि पुन्हा थांबायचा. मला वाटायचं, उरलासुरला श्वास आहे. बघवत नसे. मी लगेच फडकं गुंडाळून झाकण लावायचे.

आमची नात रुचिका लहान होती तेव्हा तिला तो डबा फार आवडायचा. आत काहीतरी आहे म्हणून ती तो कानाशी धरून हलवायची आणि हसायची. रुपराव तिला कधी रागावले नाहीत. "बंद हाय, पण हे माह्या नातीचंच," असं ते सगळ्यांना सांगायचे. जायच्या आधी दवाखान्यात मलाही तेच म्हणाले. रुचिकाच्या हातावर घाल, म्हणाले. मी हो म्हटलं होतं.

तीच रुचिका यंदा वनरक्षक झाली. ट्रेनिंग झालं, वर्दी आली आणि पारशिवनीकडच्या जंगलात नेमणूक झाली. घरात पेढे वाटले. आता आम्ही सक्करदऱ्याला राहतो, तिथे माझा मुलगा गोविंदा, रुचिकाचा बाप, गल्लीत भेटेल त्याला वर्दीचा फोटो दाखवत होता. मला मात्र एकच ध्यास लागला. पोरगी कामावर रुजू होईल तेव्हा तिच्या हातावर तिच्या आजोबांचं घड्याळ पाहिजे, आणि ते चालू पाहिजे.

रुचिकालाही घड्याळ हवंच होतं. जंगलात मोबाइलला रेंज नसते, चार्जिंगचा भरवसा नसतो, आणि गस्तीत कुठे काय दिसलं त्याची वेळ लागते. माझ्याजवळ दिवाळीत पापड-कुरड्या करून जमवलेले थोडे पैसे होते. ते मी घड्याळासाठी देईन, असं सांगून टाकलं. त्यात एकच काम होण्यासारखं होतं, नवीन घेणं किंवा जुनं दुरुस्त करणं. ती समजली नवीन. मी तिला तसंच समजू दिलं. निघताना बिस्किटांचा डबा माझ्या थैलीत, गमछ्याखाली घातला.

आधी आम्ही सीताबर्डीच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने लेडीज घड्याळं म्हणून जी मांडली ती पाहून मला बांगड्यांच्या दुकानात आल्यासारखं झालं. कशाला खडे, कशाला साखळी. काटे इतके बारीक की मला चष्म्यातूनही दिसेनात. रुचिका म्हणाली, जंगलात चमकणारं काही चालत नाही. मग त्या मुलीने पुरुषांची काढली. रुचिकाचं मनगट तिच्या आजोबांवर गेलेलं, काटकुळं. त्यावर ती घड्याळं तव्यासारखी दिसत होती.

"यावर पोळी शेकता येईन वं," मी म्हणाले.

"आजी, हळू बोल ना," ती म्हणाली, पण तीही हसत होती.

एक आकड्यांचं घड्याळ तिला पसंत पडत होतं. हलकं होतं, पाण्यात चालणारं होतं, किंमतही आवाक्यात. तेवढ्यात ते टी-टी करून वाजलं. दर तासाला वाजतं, असं त्या मुलीने कौतुकाने सांगितलं.

"वाघाले टाइम सांगाचा हाय का मले?" रुचिका म्हणाली आणि ते परत ठेवलं. आवाज बंद करता येतो, असं ती मुलगी म्हणाली. पण चुकून बटण दाबलं गेलं तर, असं म्हणून रुचिकाने मान हलवली. मोबाइलसारखं रोज चार्ज करायचं घड्याळ तर तिने हातातही घेतलं नाही. तिथून निघताना तिचा चेहरा उतरलेला होता. हेच घड्याळ मयुरीच्या लग्नात, साडीवरही चाललं पाहिजे, दोन-दोन घड्याळं काही घेणं होत नाही, असं ती रस्त्यात म्हणाली. मयुरी म्हणजे तिची आतेबहीण.

मी म्हटलं, चल, महाल भागात माझ्या माहितीचं एक दुकान आहे. माहितीचं कसलं. रिक्षातून जाता-येता पाटी वाचली होती, 'घड्याळ विक्री व दुरुस्ती', एवढंच.

दुकान बोळीसारखं अरुंद होतं. भिंतीवर दहा घड्याळं दहा वेळा दाखवत होती. मालक म्हणजे एक वयस्कर गृहस्थ, आजूबाजूचे त्यांना नानाजी म्हणत होते. त्यांनी रुचिकाचं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्यासाठी घड्याळं काढायला ते मागे वळले, तेवढ्यात मी थैलीतून डबा काढून काचेवर ठेवला.

रुचिकाने डबा ओळखला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आजी, हे काहून आणलं?"

"तुह्या आज्यानं तुह्यासाठी ठेवलं हाय. आपण नवीन कशाले घ्याचं? हेच नीट करू."

तिला नवीन हवं होतं, हे मला दिसत होतं. आणि मला नाही म्हणणं तिला जमत नव्हतं, तेही दिसत होतं. मी मुद्दामच तिच्याकडे पाहिलं नाही.

नानाजींनी फडकं उलगडलं. घड्याळ उचललं, कानाशी नेलं आणि मनगट फिरवून दोन-चारदा हलवलं, लेकराचा खुळखुळा हलवतात तसं. मग काचेवर ठेवलं. बारका काटा चालायला लागला. मी वाट बघत राहिले, आता थांबेल, मग थांबेल. तो चालतच राहिला.

नानाजींनी विचारलं की हे शेवटचं हातात कधी घातलं होतं. मी म्हणाले, हातात असं फारसं नाहीच, आमच्या मागाला टांगलेलं असायचं, माग बंद झाला तेव्हापासून तेही बंद आहे. त्यांनी चष्मा वर केला आणि सावकाश समजावून सांगितलं. या घड्याळाच्या पोटात एक वजन असतं. हात हालला की ते फिरतं आणि त्यानेच चावी भरली जाते. हात हालला नाही तर ते थांबणारच.

"म्हंजे मागच हलवत होता त्याले," नानाजी म्हणाले. "घड्याळ तं बिघडलं नव्हतंच, बाई. तेल वाळलं असंन, थोडं मागं पडंन. पण चालते."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. त्या चौकीदारीच्या सगळ्या वर्षांत रुपराव आरामशिनीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले, आणि हे डब्यात होतं, चांगलं-भलं. एकदा मनगटावर बांधून लकडगंजपर्यंत सायकल मारली असती तरी चाललं असतं. जपून ठेवलं, म्हणूनच बंद पडलं. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. रुचिकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"किती येडे होते वं तुम्ही दोघं," ती म्हणाली.

"लय येडे," मी म्हणाले.

मग मी तिचा हात ओढला आणि घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. पट्ट्याचं शेवटचं भोक बरोबर बसलं. रुपरावांचंच मनगट ते. मी रुपरावांना दिलेला शब्द पुरा झाला होता, आणि घड्याळ टिकटिक करत होतं. मला आणखी काही नको होतं.

"मी हेच घालून जाईन, आजी," रुचिका म्हणाली.

नानाजी खाकरले. आधी विचार करा, म्हणाले. या घड्याळाला पाणी अजिबात सोसायचं नाही. काच जुनी, मागचं झाकण जुनं. नाल्यात हात गेला, पावसात भिजलं, की आत गंज धरेल आणि मग ते खरंच मरेल. रुचिका म्हणाली, मी जपीन. पाण्याजवळ काढून बॅगेत ठेवीन.

बॅगेत ठेवीन. तो शब्द माझ्या कानात तसाच राहिला. ही पोरगी माझ्यासाठी हे घड्याळ जंगलात नेईल, तिथे नाला आला की काढेल, पाऊस आला की काढेल, आणि शेवटी फडक्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवेल. वेळ बघायची तेव्हा हातावर काही नसेल. आम्ही जे केलं तेच ती करेल, तेही माझ्यामुळेच.

मी तिचा हात पुन्हा जवळ घेतला आणि बक्कल सोडलं.

"नवीन दाखवा," मी नानाजींना म्हणाले. "पाण्यात जाणारं, न वाजणारं, न चमकणारं. अन् हातातून काढा नाही लागलं पाह्यजे असं."

रुचिका नको म्हणाली. मी म्हटलं, गप्प राह्य वं, पैसे माझे आहेत.

त्यांनी जे काढलं ते साधं होतं. काळी तबकडी, पांढरे मोठे आकडे, अंधारात हिरवट दिसणारे काटे. ना फार मोठं, ना फार लहान. काच जाड, सेल बरीच वर्षं जाणारा, पाण्यात हात बुडाला तरी चिंता नाही. पट्टा नायलॉनचा, विणलेला. तो मात्र मी हातात घेऊन पाहिला. काठ दोन्ही बाजूंनी सारखा होता, कुठे धागा सुटलेला नव्हता. नखाने ओढून पाहिला, सरकला नाही. नानाजी म्हणाले, चिखल लागला तर धुऊन टाकायचा, लवकर वाळतो. आणि लग्नाकार्यात घालायला चामड्याचा तपकिरी पट्टाही देतो, तुमच्या तुम्ही बदलू शकाल. बदलून दाखवलाही. तपकिरी पट्ट्यावर तेच घड्याळ एकदम सभ्य दिसायला लागलं.

"मयुरीच्या लग्नात हेच," रुचिका म्हणाली. ती आता मनापासून खुलली होती. हात झटकून, मुठी वळून, बाही वर-खाली करून बघत होती. दोन्ही पट्ट्यांसकट माझ्या पैशांत बसलं. मी पैसे काचेवर ठेवले.

"काढून ठेवाचं नाही," मी तिला बजावलं. "आंघोळीलेबी नाही. घासलं तं घासू दे."

जुनं घड्याळ काचेवरच होतं. मी फडकं हातात घेतलं, इतक्या वर्षांची सवय. रुचिकाने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि घड्याळ माझ्या मनगटावर ठेवलं.

आयुष्यात मी कधी घड्याळ बांधलेलं नाही. आमच्या वेळी बायकांच्या हातात बांगड्या असत, घड्याळ मास्तरणीच्या हातात. मी हात मागे घेतला, बुढ्या बाईला हे शोभतं का म्हणाले.

"शोभाचा सवाल नाही हाय, आजी. हे माह्यं घड्याळ हाय ना? मग मी सुट्टीवर आली का घालीन. तवरोक तू चालू ठेव."

डाव्या हातावर बांधू लागली तर मी म्हणाले, उजव्यावर बांध. माझा फिरणारा हात तो आहे.

रुचिका रुजू झाली. वर्दीतला फोटो आला, त्यात बाहीच्या खाली काळी तबकडी दिसते. पहिल्याच सुट्टीवर आली तेव्हा काचेवर एक ओरखडा घेऊन आली. मला दाखवून घाबरल्यासारखी बघत होती. मला बरं वाटलं.

ते चार दिवस आजोबांचं घड्याळ तिच्या हातावर होतं. ती गेल्यावर पुन्हा माझ्या. मी पडते, उठते, तांदूळ निवडते, त्यावर ते कसंबसं चालतं. पण या वयात हात किती हालणार? म्हणून मी सकाळी ओट्यावर उन्हात बसते, डोळे मिटते आणि कांड्या भरल्यासारखा उजवा हात फिरवते. समोर रहाट नाही, पण हाताला अजून सगळं येतं.

शेजारची प्रेमिला काही दिवस नुसती बघत होती. परवा तिच्याने राहवलं नाही.

"काहून वं मैनाबाई, सकाळी सकाळी हवेत हात काहून फिरवून राहिली?"

"नातीचं घड्याळ चालू ठेवून राहिली," मी म्हणाले.

तिला वाटलं, म्हातारी आता गेली कामातून. मी मनगट तिच्या कानाला लावलं.