लाल काचेनं गिळलेलं कुंकू

नागेंद्रच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते निघायचं नाव घेत नसे. टिळकवाडीत राहणारा, बँकेतला साहेब माणूस, आणि हौसेनं घेतला काय, तर रंगच न दिसणारा कॅमेरा! त्यातनं निघेल तो फोटो काळा-पांढराच. त्याची बायको माधवी कपाळाला हात लावून बसली. फोनवर रंगीत काढायचा, बोट लावायचं, झाला काळा-पांढरा. मग हे कशाला, असं तिचं म्हणणं. तो म्हणायचा, रंग काढून टाकलेला फोटो वेगळा आणि रंग ठाऊकच नसलेला वेगळा.

खरं कारण निराळंच होतं. आईबापाच्या लग्नानंतर निपाणीच्या एका स्टुडिओत काढलेला जोडीचा फोटो काकती गावातल्या घरी भिंतीवर असायचा. लहानपणी त्याच्याखालीच तो अभ्यासाला बसे. आप्पाचा ताठ फेटा, आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पुढं भिंतीला ओल आली आणि फोटो गेला. फार जीव हळहळला होता त्याचा. तसाच फोटो पुन्हा काढायचा, एवढाच ध्यास होता.

त्या मार्गशीर्षात त्यानं आप्पा नि आई, म्हणजे मष्णू आणि मालुबाई, दोघांना शेताच्या बांधावर उभं केलं. आभाळ गडद यावं म्हणून कॅमेऱ्यावर लाल काच चढवली. आणि आभाळ असं काही आलं म्हणता, बघत राहावं! नागेंद्र त्या आभाळावरच इतका खूश, की बाकीचं नीट बघायला डोळे कुठले?

फाल्गुनात आप्पा गेला. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला मालुबाईला जोडीचाच फोटो पाहिजे होता, आणि उरला होता तो तेवढाच. नागेंद्रनं मोठा करून, चौकटीत बसवून आणला. तिनं पदरानं काच पुसली, नवऱ्याच्या तोंडावरनं हात फिरवला आणि स्वतःपाशी येऊन थांबली.

"माझं कुंकू कुठाय रं? तवा तुझा आप्पा जित्ता हुता की."

लाल काचेतनं तांबडं फिकं पडतं, तसं कुंकू कातडीतच मिसळून गेलं होतं. नवरा शेजारी उभा आणि कपाळ कोरं. नागेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगीत काढला असता तर काळा-पांढरा करताना तांबडं तेवढं गडद करता आलं असतं. इथं रंग आलाच नव्हता, तर आणणार कुठनं? संगणकावर कुंकू रेखून आणतो म्हणाला, पण तिला ते नको होतं. तिनं काच उघडायला लावली आणि सुनेकडं कुंकू मागितलं.

माधवीनं देव्हाऱ्यातला करंडा आणला, पण पुढं करताना तिचा हात अडखळला. वर्षभरात मालुबाई त्याला शिवली नव्हती. मालुबाईची जाऊ राजाबाई हळूच म्हणाली, आक्का, सुनेला लावू दे.

"माझ्या कपाळाला नको म्हंता, न्हाय लावत," मालुबाई म्हणाली. "पर ह्या बाईचा नवरा हाय न्हवं शेजारी?"

तिनं बोट बुडवलं आणि फोटोतल्या आपल्या कपाळावर टेकवलं. ते उचलायला मात्र तिला लई वेळ लागला.