सोमवारचं दप्तर

नागरिकशास्त्राच्या बाईंना अख्खी शाळा दुर्बीणबाई म्हणायची, आणि हे नाव त्यांना ठाऊक नाही असं फक्त मुलांनाच वाटायचं. बाईंना ते मनातून आवडायचंही. कोणाच्या डब्यात काय आहे, कोणाचं कोणाशी वाजलंय, मुख्याध्यापकांनी मिशी का काढली, यातलं काही कळायचं राहिलं तर त्यांना जेवण गोड लागत नसे. एकदा तासात कोणाचा तरी मोबाइल वाजला, तेव्हापासून दर सोमवारी वर्गाच्या दारात टेबल टाकून त्या प्रत्येकाचं दप्तर उपडं करून बघायच्या. त्याबद्दल मुख्याध्यापकांनी त्यांची पाठही थोपटली होती.

यंदा त्यांनी ठरवलं, मानवी हक्कांचा धडा पुस्तकातून शिकवायचाच नाही. "आपल्या आसपास कोणाचा हक्क मारला जातोय ते शोधून काढा," त्यांनी नववीला सांगितलं. "आधी नीट बघा, मग विचारा, आणि शेवटी घटकाभर स्वतःला त्या माणसाच्या जागी ठेवा. हे शेवटचं राहिलं तर तो अभ्यास नव्हे, निव्वळ भोचकपणा."

वर्ग हुरूपाने कामाला लागला. कोणी शिपाईकाकांच्या मोडक्या स्टुलाचा फोटो आणला, तर एकाने घरच्या रिमोटवर ताईचा हक्क जास्त की आपला, यावर लांबलचक अहवाल लिहिला.

बाईंचा स्वतःचा शोध मात्र वेगळाच चालला होता. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. येताजाता पावलांचा आवाज नाही, म्हणून सगळे तिला मनी म्हणायचे. मनी हुशार होती, पण सोमवार आला की गैरहजर. या सोमवारीही ती आली नाही तेव्हा मुख्याध्यापकांनी बजावलं, "पुढच्या सोमवारी दांडी पडली तर हजेरी भरणार नाही, आणि तिला परीक्षेला बसता येणार नाही. नियम आहे, बाई, माझा इलाज नाही." बाईंच्या जिवाला घोर लागला. खरं सांगायचं तर थोडी उत्सुकताही चाळवली.

मनीची आई शिवणकामाचं दुकान चालवायची. सोमवारी पोरीला मशीनवर बसवत असणार, बाईंनी ताडलं. झालं, शिक्षणाचा हक्क हिरावला! त्याच दिवशी रिकाम्या तासाला चार खरमरीत वाक्यं मनात घोळवत त्या तरातरा दुकानावर गेल्या, तर दाराला कुलूप. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "सोमवारी बंदच असतं ते. पोर ना? ती तर सकाळीच गणवेश घालून गेली की शाळेला." बाई आल्या पावली परतल्या. सगळी वाक्यं फुकट गेली होती.

मग त्यांनी वकिलाला गाठलं. वकील म्हणजे वर्गातली एक उंच मुलगी, जिचं प्रत्येक वाक्य "पण बाई" ने सुरू व्हायचं. "तुझ्या अभ्यासाचा विषय मनी," बाई हळूच म्हणाल्या. "गाजावाजा न करता शोध. तिला घरून त्रास असेल तर आपल्याला काहीतरी करायला हवं."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत वकील शिक्षकखोलीत आली. बाई एकट्याच होत्या.

"बाई, मी तिला विचारूनच तुम्हाला सांगतेय हं. सोमवारी ती दिवसभर वाचनालयात बसते. घरच्यांना वाटतं, शाळेत आहे."

"पण का?"

"तुमच्या टेबलामुळे."

बाईंना आधी अर्थच लागेना.

"तिच्या दप्तरात काहीतरी असतं," वकील म्हणाली. "तिला ते रोज लागतं, घरी ठेवून येता येत नाही. वाईट नाहीये. पण सगळ्यांसमोर टेबलावर पडलं तर ती मरून जाईल, असं म्हणाली."

"असं आहे तरी काय त्यात?"

"ते नाही विचारलं मी."

"अगं! मग अभ्यास अर्धवटच राहिला ना?"

"पण बाई, तुम्हीच सांगितलेलंत, स्वतःला त्या जागी ठेवा. ठेवलं. मग विचारावंसंच वाटलं नाही." तिने बाईंच्या पर्सकडे बोट केलं. "ही इथे उपडी कराल? आत्ता? मुलांना बोलावते."

बाईंचा हात आपोआप पर्सवर गेला. आत केसांच्या रंगाचं पाकीट होतं, डॉक्टरांनी बंद केलेल्या चॉकलेटचा तुकडा होता आणि घरी कोणालाच माहीत नसलेल्या गोळ्यांची पट्टी होती. त्यांना भयंकर लाज वाटली. कोणाचा हक्क मारला जातोय ते शोधायला त्यांनी अख्खा वर्ग गावभर पिटाळला होता, आणि मारणाऱ्या त्या स्वतःच होत्या.

"तिला सांग," बाई म्हणाल्या. "सोमवारी टेबल नसेल. कधीच नसेल."

सोमवारी मनी दाराशी थबकली. टेबल नव्हतं. छातीशी दप्तर घट्ट धरून ती क्षणभर मागे वळल्यासारखी झाली, पण मग आत आली. हजेरीत तिचं "हजर, बाई" ऐकलं तेव्हा कुठे दुर्बीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

तास संपल्यावर मनी दप्तर घेऊनच बाईंपाशी आली. "बाई, तुम्हाला विचारायचं नाहीये?"

प्रश्न बाईंच्या अगदी जिभेवर येऊन बसला होता. "खूप विचारायचंय गं," त्या म्हणाल्या. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण नाही विचारणार."

मनी खुदकन हसली. बाईंनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. जागेवर जाऊन तिने इतका वेळ कवटाळलेलं दप्तर सगळ्यांसारखं बाकाच्या कडेला खुंटीवर अडकवलं. चेन अर्धी उघडीच होती.

दुर्बीणबाईंनी झटकन तोंड फळ्याकडे फिरवलं आणि आधीच स्वच्छ असलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.