कोरे गोल

गोळीवाली तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार हे कळल्यावर तिच्या मामाने कपाळावर हात मारला. हातची नोकरी बरी, नसते डोहाळे कशाला, असं त्याचं म्हणणं. ती दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीवर मदतनीस होती. कुठली गोळी कधी घ्यायची ते वस्तीच्या बोलीत समजावणारी तिथं ती एकटीच, म्हणून वस्तीत सगळे तिला गोळीवाली म्हणत. त्या वस्तीतली माणसं दवाखान्यात जात ती आजारी पडून, नाहीतर झाडू घेऊन. औषधशास्त्राच्या वरच्या वर्गात त्यांच्यातलं कुणी आजवर बसलं नव्हतं. हिला बसायचं होतं. प्रवेश परीक्षा फक्त तीनदा देता येई, आणि दोनदा ती थोडक्यात हुकली होती.

खिडकीमागच्या मोठ्या बाई तिच्या गुरू. पहिल्याच दिवशी त्यांनी दम भरला होता, की चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधायचा नाही, हात मागे घ्यायचा आणि विचारायचं. पोरीच्या ते इतकं अंगात मुरलं, की झोपेतही तिने अंदाजाने गोळी दिली नसती.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर दोघी चहा घेत होत्या. पेपर पुरा होतो का, असं बाईंनी विचारलं. ती सहज म्हणाली, की दरवेळी बरेच प्रश्न राहतात. नक्की माहीत नसलं की ती उत्तरपत्रिकेवरचा पर्यायाचा गोल रंगवतच नाही.

बाईंचा कप हातातच राहिला. "कोरे सोडतेस? अगं, चुकलं तर गुण कापत नाहीत तिथं."

"मला कुणी सांगितलं नाही. आणि तुम्हीच म्हणाला होता ना, अंदाज करायचा नाही?"

"ते औषधांसाठी गं बाई."

बाईंचे वडील डॉक्टर, भाऊ डॉक्टर. ही गोष्ट त्यांना लहानपणी जेवता जेवता कळली होती. ती कुणाला सांगावी लागते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या ओशाळल्या, आणि ओशाळायलाच हव्या होत्या.

गोळीवालीला आधी हसू आलं, मग भयंकर संताप आला. दोन वर्षं गेली होती, ती अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. पण डोकं आपटून घेणाऱ्यातली ती नव्हती. पहाटे उठून घड्याळ लावून ती जुने पेपर सोडवू लागली. येतील ते आधी, अडतील ते मागून, आणि वेळ संपत आली की उरलेले सगळे गोल काळे. पहिल्यांदा अंदाजाने गोल रंगवताना तिने सवयीने हात मागे घेतला. एखाद्या म्हातारीच्या तळहातावर भलतीच गोळी ठेवल्यासारखं वाटलं तिला. तरी रंगवला.

त्या वर्षी ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. आपल्याला पहिल्यापासून खात्री होती, असं मामा सांगत फिरू लागला.

मुलाखतीला समोर तिघं होती. मधल्या सरांनी विचारलं, की दोनदा नापास आणि आता एवढी उडी, असा कोणता क्लास लावला? काहीतरी नाव ठोकून देऊन सुटता आलं असतं.

"क्लास नाही, सर. अभ्यास तेवढाच होता. आधी मी न येणारे प्रश्न कोरे सोडायचे. या वेळी सोडले नाहीत."

"म्हणजे यातले काही गुण अंदाजाचे आहेत."

"हो. ज्यांना घरीच हे सांगितलं होतं, त्यांचेही असतील."

सरांनी शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंकडे पाहिलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आपण हातची जागा घालवली, असं तिला वाटलं. जागा तिलाच मिळाली, पण ते कळायला पुढे महिना गेला. त्या घटकेला तिला एवढंच कळत होतं, की आता मागे सरायचं नाही. काही विचारायचं आहे का, असं सरांनी शेवटी म्हटलं, तेव्हा ती उठता उठता थांबली.

"चुकलं तर गुण कापत नाहीत, हे पेपरवर छापाल का? आमच्या वस्तीत मी सांगेन. पलीकडच्या वस्तीत कोण सांगणार?"